इराणी शिल्पं आणि फोटो एकाच दालनात: मुलांना घेऊन जायचंय, काय बघायला सांगू?

करामाकर

नमस्कार मंडळी. मी दुबईत करामाला राहते आणि शनिवारी घरीच मुलांचा चित्रकलेचा वर्ग घेते. मुलं दहा ते तेरा वर्षांची, बहुतेक मराठी, दोघं मल्याळी. इथे अल कूझ भागात जुन्या गोदामांच्या आता गॅलऱ्या झाल्या आहेत. त्यातल्या एका छोट्या गॅलरीत सध्या आधुनिक इराणी शिल्पं आणि छायाचित्रं यांचं एकत्र प्रदर्शन लागलंय. मी एकटी जाऊन आले आणि तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय. आता मुलांना न्यायचंय, पण त्याआधी मला स्वतःला नीट कळायला हवं, म्हणून इथे विचारते आहे.

काय पाहिलं ते सांगते. दालनाच्या मधोमध परवीझ तनावोली यांची ब्राँझची शिल्पं आहेत. एक हातभर उंचीचं, वळणदार, मान वाकवून उभ्या असलेल्या माणसासारखं. चिठ्ठीवर नाव 'हीच', म्हणजे फारसीत 'काही नाही'. दुसरंही तेच, पण खुर्चीवर चढून बसलेलं आणि शेपटासारखा भाग खाली लोंबणारा. तिसरं निराळं: चौकोनी धडाचा माणूस, पोटाच्या जागी जाळी, जाळीला कुलूप. त्याचं नाव 'कवी'.

समोरच्या भिंतीवर शादी घदीरियान यांचे फोटो. तपकिरी झाक, मागे रंगवलेला पडदा, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या पोशाखातल्या बायका. आणि मग एकीच्या हातात पेप्सीचा कॅन दिसतो, एकीजवळ भला मोठा टेपरेकॉर्डर. शेजारच्या मालिकेत फुलाफुलांची चादर (इराणी बायका डोक्यावरून अंगभर घेतात ते वस्त्र) घेतलेली बाई आहे, पण चेहऱ्याच्या जागी इस्त्री. दुसरीत झाडू. तिसरीत रबरी हातमोजा. त्या इस्त्रीसमोर मी बराच वेळ उभी होते.

चिठ्ठ्यांवर नाव, साल, माध्यम, एवढंच. दोन गोष्टी मला कळत नाहीत. शिल्पं आणि फोटो असे एकत्र का मांडले असतील? दोघंही इराणचे, एवढंच कारण पुरतं का? आणि एखादा माणूस पन्नास-साठ वर्षं 'काही नाही' हाच एक शब्द पुन्हा पुन्हा का घडवेल? मुलं हे नक्की विचारणार. शिवाय एका मुलीच्या आईने आधीच फोन करून विचारलंय की चादरीचे ते फोटो मुलांना दाखवण्यासारखे आहेत का. मला विषय टाळायचा नाहीये, पण चुकीचं काही सांगायचंही नाहीये.

---

ओतशाळा

करामाकर ताई, दालन एकच असण्याला कारण आहे, आणि ते चांगलं भक्कम आहे.

मी ओतकामातला माणूस. आर्ट कॉलेजात बरीच वर्षं शिल्पकला शिकवली, आता स्वतःची भट्टी चालवतो. तनावोलींकडे मी आधी धंद्याच्या नजरेने ओढला गेलो, कारण त्यांचं ब्राँझ फार स्वच्छ उतरतं. पण त्यांच्यापुढची अडचण कळल्यावर त्यांच्याबद्दलचा आदर वेगळ्याच कारणाने वाढला. ती अडचण अशी की त्यांना पूर्वजच नव्हते.

आपल्याकडे शिल्पकलेचा विद्यार्थी पहिल्या वर्षाला वेरूळ, घारापुरी बघून येतो. चुकला-माकला तरी मागे हजार-दीड हजार वर्षांची रांग उभी असते. इराणात पर्सेपोलिसची कोरीव शिल्पं आहेत, सासानी राजांनी डोंगरात खोदलेली दृश्यं आहेत, पण इस्लाम आल्यानंतर चहूबाजूंनी फिरून बघावा असा पुतळा घडवण्याची परंपरा जवळजवळ थांबली. एकोणिसाव्या शतकात फतेह अली शाहाने जुन्या राजांचं बघून रेय गावाजवळ खडकावर स्वतःचा दरबार कोरून घेतला, पण तेही पुन्हा भिंतीतलंच काम. तनावोलींचा जन्म १९३७ चा, तेहरानचा. ते इटलीत आधी कारारा शहरात, मग मिलानच्या ब्रेरा अकादमीत मारिनो मारिनी यांच्या हाताखाली शिकले. मारिनींचे घोडे आणि घोडेस्वार तुम्ही पुस्तकात पाहिले असतील. मारिनींच्या मागे इटलीतल्या प्राचीन एट्रुस्कन लोकांच्या मूर्ती होत्या, रोमन होते. हे परत आले तेव्हा यांच्या मागे कोण?

त्यांनी दोन ठिकाणी शोध घेतला. एक बाजारात. दक्षिण तेहरानात कुलूपवाले, तांबट, लोहार, ओतारी यांच्या दुकानांतून ते हिंडले. इराणी कुलपं त्यांनी आयुष्यभर जमवली. घोड्याच्या, सिंहाच्या, माशाच्या आकाराची पितळी-लोखंडी कुलपं असतात ती. हातभर पुतळा करायला मनाई असलेल्या समाजात कारागिराने बोटभर घोडा कुलपात करून ठेवला होता! तनावोलींना पूर्वज तिथे सापडले. तुम्ही पाहिलेल्या 'कवी'च्या पोटातली जाळी आणि कुलूप त्या दुकानांतूनच आलेलं आहे.

आणि दुसरा शोध गोष्टीत. जुना फारसी कवी निजामी याच्या काव्यातला फरहाद तुम्हाला ठाऊक असेल. शिरीनच्या प्रेमापायी बिसोतूनचा डोंगर फोडणारा, आणि ती मेल्याची खोटी बातमी ऐकून जीव देणारा. तनावोलींनी त्यालाच आपला पूर्वज मानलं. फारसी काव्यात कवी शेकड्यांनी, राजे हजारांनी, पण हातात छिन्नी घेतलेला नायक हा एकच. त्यांच्या सुरुवातीच्या कामात फरहाद वारंवार येतो.

आता समोरची भिंत बघा. फोटोग्राफीची गत अगदी उलटी. इराणात कॅमेरा १८४० च्या दशकातच पोचला, थेट राजदरबारात. नासिरुद्दीन शाह (राज्यकाळ १८४८ ते १८९६) स्वतः फोटो काढायचा, जनानखान्यातल्या बायकांचेसुद्धा, आणि खाली स्वतःच्या हाताने नावं लिहायचा. ते आल्बम तेहरानच्या गुलिस्तान राजवाड्यात आहेत. म्हणजे शादी घदीरियान यांच्या मागे पूर्वजांची गर्दी आहे. प्रश्न असा की त्या सगळ्या फोटोंत बायका दिसतात, पण कॅमेऱ्यामागे शाह उभा असतो. शिल्पकाराला पूर्वज शोधून आणावे लागले, छायाचित्रकार बाईला मिळालेल्या पूर्वजांशी बोलून हिशेब करावा लागला. मांडणाऱ्याने ही दोन कामं समोरासमोर ठेवली असतील तर माझ्या मते त्याला हेच दाखवायचं आहे.

'हीच'वर वेगळं लिहितो, जेवण होऊ द्या.

---

वाईकडचा

ओतशाळा सरांनी जाळी-कुलपाचं लिहिलं त्यावर थोडी भर. तनावोली आणि त्यांच्या बरोबरीच्या चित्रकारांना 'सक्काखाने' गट म्हणतात. करीम इमामी नावाच्या समीक्षकाने साठच्या दशकात हे नाव दिलं. सक्काखाने म्हणजे गल्लीतली पाणपोई. करबलात इमाम हुसेन आणि त्यांची माणसं तहानेने तळमळली, त्यांच्या आठवणीत वाटसरूंना पाणी पाजायची जागा. भिंतीत कोनाडा, पुढे जाळी, आत पाण्याची टाकी, साखळीला वाटी, वर पितळेचा पंजा. लोक मेणबत्ती लावतात, नवस बोलून जाळीला चिंधी बांधतात, कुलूप लावतात. नवस फेडताना कुलूप उघडतात.

आमच्या भागातल्या मुलांना हे समजावून सांगावं लागत नाही. गावात मोहरमला पंजे बसतात, हिंदू घरांतूनही नवस होतात, सरबताची सबील लागते. तो पंजा हजरत अब्बास यांचा, जे फुरात नदीवर पाणी आणायला गेले आणि ज्यांचे हात तोडले गेले. तनावोलींच्या शिल्पात कुठे हात दिसला तर मुलांना आधी पाण्याची गोष्ट सांगा. तुमच्या वर्गातल्या एखाद्या मुलाच्या आजोळी नक्की पंजे बसत असतील, विचारून बघा.

---

ओतशाळा

वाईकडचा, छान लिहिलंत. नवसाचं कुलूप हा मुद्दा मुलांना लगेच भिडेल.

आता 'हीच'. फारसीत हा शब्द तीन अक्षरांचा: हे, ये, चे. नस्तालिक या फारसी सुलेखनाच्या वळणात लिहिला की सुरुवातीच्या 'हे'ला दोन घरं पडतात, फारसीत त्याला दोन डोळ्यांचा 'हे' म्हणतात. शिल्पात तेच डोकं झालं. मधला 'ये' मान झाला. शेवटच्या 'चे'चं मोठं वळण पोट आणि शेपूट झालं. 'चे'खाली तीन नुक्ते म्हणजे ठिपके लागतात, ते तनावोलींनी शिल्पात गाळले. कागदावरचं अक्षर उचलून जमिनीवर उभं केलं तर त्याला पाठ फुटते, कूस फुटते, सावली पडते. ताई, तुम्ही लिहिलंत की ते मान वाकवून उभ्या माणसासारखं वाटलं. लिपी वाचता येत नसताना तुम्हाला माणूस दिसला, हे शिल्प जमल्याची खूण आहे.

सुरुवात कुठून झाली तेही ऐका. १९६५ साली तेहरानच्या बोर्गेझे गॅलरीत त्यांनी प्रदर्शन भरवलं. नळ, गालिचा, आफताबा म्हणजे तोटीचा तांब्या, निऑनचे दिवे, असलं काय काय कामात वापरलं होतं. आणि त्यात निऑनचा 'हीच' होता. लोक इतके बिथरले की प्रदर्शन मुदतीआधीच गुंडाळावं लागलं. त्या काळात इराणी चित्रकारांत कॅनव्हासवर सुंदर अक्षरं काढायची लाट आली होती. तनावोलींनी एकच शब्द घेतला, तोही 'काही नाही', आणि त्यालाच धरून राहिले. रागातून सुरू झालेलं काम पुढे मऊ होत गेलं. त्यात सूफींचा विचार आला, की जे काही आहे ते शून्यातून आलं. 'हीच' खुर्चीवर बसला, पिंजऱ्यात अडकला, दुसऱ्या 'हीच'ला बिलगला. १९७३ साली सुरू केलेल्या एका उंच शिल्पाचं नावच 'हीच होत जाणारा कवी' असं आहे. वरून कवी, खालून 'हीच', की उलट, हे पाहणाऱ्याने ठरवायचं.

एकच गोष्ट पुन्हा पुन्हा का, या प्रश्नाला मी वर्गात देत असे ते उत्तर देतो. वारकरी दर वर्षी त्याच वाटेने पंढरीला जातो, त्याला वाट सापडली नाही म्हणून नव्हे. मुलांना एवढं पुरतं.

---

निगेटिव्ह

फोटोंच्या भिंतीबद्दल मी लिहिते. पुण्यात जुन्या स्टुडिओंच्या काचेच्या निगेटिव्ह साफ करून जतन करायचं काम करते, त्यामुळे घदीरियान यांची ही मालिका माझ्या फार जवळची आहे.

'काजार' (नासिरुद्दीन शाहाच्या घराण्याचं नाव) ही जुन्या पोशाखातल्या बायकांची मालिका १९९८ पासूनची. तेव्हा त्या चोवीस-पंचविशीच्या होत्या. बहमन जलाली त्यांचे शिक्षक. जलालींनी इराणची १९७८-७९ ची क्रांती रस्त्यावर उतरून टिपली, पत्नी राना जवादी यांच्यासोबत त्याचं पुस्तक केलं, आणि पुढे जुन्या स्टुडिओंतले चेहरे, फुलं, अक्षरं एकावर एक ठेवून वेगळीच चित्रं केली. घदीरियान यांनी तेहरानच्या छायाचित्र संग्रहालयात काम केलं, तिथे काजार काळातले फोटो रोज नजरेखालून जायचे. त्यातूनच मालिका सुचली. मैत्रिणी आणि घरातल्या बायका मॉडेल झाल्या, पडदा रंगवून घेतला, जुन्या धाटणीचे कपडे मिळवले.

मुलांना आधी फक्त डोळे बघायला सांगा. जुन्या कॅमेऱ्याला एका फोटोसाठी बराच वेळ लागायचा, माणसाला हलता यायचं नाही, म्हणून ती सगळी माणसं ताठ आणि गंभीर दिसतात. घदीरियान यांच्याकडे आधुनिक कॅमेरा होता, तशी गरज काहीच नव्हती. तरी त्यांनी बायकांना तसंच बसवलं, नजर सरळ तुमच्याकडे. पेप्सीचा कॅन हातात आहे, पण ती लपवत नाही आणि मिरवतही नाही. सायकल आहे, व्हॅक्युम क्लीनर आहे, वर्तमानपत्र आहे. यातल्या काही वस्तू त्या काळातल्या इराणात सहज मिळत, काहींवरून घरात-दारात कटकट होई. कुठली कशात मोडते हे फोटो सांगत नाही, आणि मला तेच आवडतं.

आणि प्रकाश बघा. सपाट आहे, सावल्या मंद आहेत. जुन्या स्टुडिओत छपराच्या काचेतून उजेड यायचा, तो तसाच पडायचा. माझ्याकडे येणाऱ्या पुण्याच्या निगेटिव्हमध्येही हाच उजेड दिसतो: रंगवलेला पडदा, खाली सतरंजी, कडेला लाकडी स्टँड, त्यावर फुलदाणी. स्टँडचा पाय पडद्याच्या खालच्या कडेवर आला की रंगवलेला बगीचा लगेच खोटा पडतो. घदीरियान यांच्या फोटोंतही पडदा जमिनीला टेकतो ती रेघ शोधा. त्यांनी ती झाकलेली नाही.

इस्त्रीच्या मालिकेचं नाव 'रोजच्यासारखं'. त्यांचं लग्न झालं, आहेरात घरकामाच्या वस्तू आल्या, त्यावरून ती सुचली. ताई, त्या आईला एवढंच सांगा. आपल्याकडे रुखवतात मिक्सर आणि कुकर मांडतात, मुलींना आपोआप उमजेल. चादरही काळी नाही, घरात वापरायची फुलाफुलांची आहे. घराचंच चित्र आहे ते.

---

मधलं_पान

सगळ्यांचं मन लावून वाचलं. मला मात्र एक खटकतं ते बोलायला हवं.

इराणी छायाचित्रांचं प्रदर्शन म्हटलं की चादर, बुरखा, बाईच्या चेहऱ्यावर लिहिलेली अक्षरं, हे ठरलेलं का असतं? शिरीन नेशात यांची १९९३ ते ९७ मधली 'विमेन ऑफ अल्ला' ही मालिका मी युरोपात एका संग्रहालयात पाहिली. बंदूक, काळी चादर, चेहऱ्यावर आणि तळव्यांवर बारीक शाईने लिहिलेल्या फारसी कविता. माझ्यासोबतचे सगळे लोक गंभीरपणे मान डोलावत होते आणि एकालाही एक ओळ वाचता येत नव्हती. त्यांना तिथे इराण दिसत होता की स्वतःच्या मनातली भीती?

आणि इराणी फोटो म्हणजे एवढंच नाही. कावे गोलेस्तान यांनी १९७५ ते ७७ दरम्यान तेहरानच्या वेश्यावस्तीतल्या बायकांचे काढलेले फोटो पाहा (मुलांना नव्हे, तुम्ही). १९८८ साली इराकातल्या हलब्जा गावात विषारी वायूने मेलेल्या माणसांचे फोटो त्यांनी काढले. २००३ मध्ये इराकात भूसुरुंगाच्या स्फोटात ते गेले. असे फोटो विक्रीच्या गॅलरीत फारसे दिसत नाहीत.

शिल्पांचंही तेच म्हणतो. २००८ च्या एप्रिलमध्ये दुबईतच तनावोलींची 'भिंत (ओ पर्सेपोलिस)' लिलावात २८ लाख डॉलरच्या वर गेली. त्यानंतर आखाती बाजारात इराणी कला म्हणजे सुंदर अक्षर आणि चादर, असं समीकरण बसलं. एकत्र प्रदर्शनामागे पूर्वजांचा विचार असेलही, पण बाजाराचाही असणार. मुलांना हेही कळावं असं मला मनापासून वाटतं.

---

निगेटिव्ह

मधलं_पान, नेशात आणि घदीरियान यांना एका मापाने मोजू नका, एवढंच म्हणेन. नेशात १९५७ साली कझवीनला जन्मल्या, क्रांतीच्या आधीच शिकायला अमेरिकेत गेल्या आणि १९९० मध्ये परत जाऊन पाहिलं तेव्हा देश ओळखू येईना. त्यांची मालिका ही लांबून पाहणाऱ्या, तुटलेल्या माणसाची आहे. अक्षरं फोरूग फरोखजाद आणि ताहेरे सफ्फारजादे यांच्या कवितांची. या दोन कवयित्री एकमेकींपासून फार लांबच्या: एक देहाबद्दल, प्रेमाबद्दल मोकळं लिहिणारी, दुसरी क्रांतीच्या बाजूने श्रद्धेने उभी राहिलेली. एकाच मालिकेत दोघींना जागा देणं हा मला त्यातला सगळ्यात धाडसी भाग वाटतो. फारसी वाचणाऱ्याला तो दिसतो, बाकीच्यांना दिसत नाही, हे तुमचं म्हणणं मान्य. पण तो दोष भिंतीवर भाषांतर न लावणाऱ्यांचा आहे.

घदीरियान तेहरानातच राहून काम करत आल्या. काजार मालिकेतल्या सगळ्यांचे केस झाकलेले आहेत, कारण फोटो तिथेच दाखवायचे होते. त्या बंधनात राहून त्या बोलतात. २००८ च्या त्यांच्या 'निल निल' मालिकेत चादर नाहीच. फळांच्या भांड्यात हातबाँब ठेवलाय, लाल उंच टाचांच्या बुटांशेजारी सैनिकाचे मळके बूट आहेत. माणूस एकही नाही. इराक-इराण युद्धात आठ वर्षं ज्यांचं बालपण गेलं त्यांच्या घरात युद्ध असंच शिरलं होतं. या मालिकेतला एखादा फोटो तिथे असेल तर चादरीच्या फोटोंइतकाच वेळ त्यालाही द्या.

---

करामाकर

किती दिलंत तुम्ही सगळ्यांनी! रुखवताचं वाचून मी त्या मुलीच्या आईला लगेच फोन केला. ती म्हणाली मीच येते सोबत.

मधलं_पान, बाजाराचा मुद्दा मी मोठ्या मुलांशी नक्की बोलेन. तेरा वर्षांच्या मुलांना किमतीबद्दल भरपूर कुतूहल असतं, ते टाळलं तर त्यांना वाटतं आपण काहीतरी लपवतोय.

'निल निल'मधला एक फोटो तिथे आहे, बुटांचा. मी त्याच्यासमोरून पुढे गेले होते, आता थांबेन.

ओतशाळा सर, अजून एक विचारायचं होतं. 'हीच' इतका गुळगुळीत आहे की मुलं हात लावणारच. का लावायचा नाही हे सांगताना मला नुसतं 'नियम आहे' म्हणायचं नाहीये. आणि आतून तो भरीव असतो का पोकळ? आमच्या वर्गात हा प्रश्न पहिला येईल.

---

ओतशाळा

पोकळ. भिंतीची जाडी साधारण पाव इंचाच्या आत असते. प्रकार असा: आधी मातीत किंवा प्लास्टरमध्ये शिल्प करायचं, त्याचा साचा घ्यायचा, साच्यात आतून मेणाचा थर द्यायचा. ते मेणाचं पोकळ शिल्प बाहेर काढून शिवणी साफ करायच्या. मग त्याला ब्राँझ आत जायला आणि हवा बाहेर यायला मेणाच्याच नळ्या जोडायच्या, आतबाहेर उष्णता सोसणारा लेप भरायचा आणि भट्टीत मेण वितळवून काढायचं. मेण जिथे होतं तिथे आता काहीच नसतं. त्या रिकाम्या जागेत ११०० अंशांच्या आसपास तापलेलं ब्राँझ ओतायचं. 'हीच' असाच जन्माला येतो, पोकळीतून. मुलांना ही प्रक्रिया सांगाल तेव्हा 'काही नाही'चा अर्थ वेगळा सांगायची गरज पडणार नाही. एका साच्यातून ठरावीक प्रती काढता येतात, म्हणून 'हीच' दुबईतही दिसतो आणि लंडनच्या ब्रिटिश म्युझियमातही. किमतीचा विषय निघाला की हेही सांगा, प्रती किती हा प्रश्न किमतीत मोठा असतो.

हात न लावण्याचं कारण घाम. घामात मीठ असतं. पॉलिश केलेल्या ब्राँझवर बोटाचा ठसा राहिला आणि वेळेत पुसला नाही तर तो धातू खातो, मग तो डाग नुसता पुसून जात नाही, पुन्हा घासून पॉलिश करावं लागतं. आमच्या शाळेत आम्ही एक घासलेला पत्रा ठेवायचो, मुलांना त्यावर अंगठा उमटवायला लावायचो आणि पुढच्या आठवड्यात दाखवायचो. तुम्ही घरी पितळेच्या ताम्हणावर करून बघा, चिंच लावून आधी लख्ख करा. मग गॅलरीत एकही हात पुढे जाणार नाही.

हात लावता येत नाही म्हणून चालायला लावा. 'हीच' समोरून अक्षर आहे, बाजूने प्राणी आहे, मागून बहुतेक वेळा एकटा उभा माणूस. प्रत्येक मुलाला एकेक जागा द्या आणि तिथूनच रेखाटायला सांगा. त्याच फेरीत फोटोंचीही गंमत कळेल, कारण फोटोला मागे जाता येत नाही. तिथे फोटोतली बाई तुमच्याकडे बघते, तुम्ही कुठेही सरकलात तरी. शिल्पाभोवती तुम्ही फिरता, फोटोसमोर तुम्हाला उभं राहावं लागतं. शेजारी शेजारी असल्यामुळे हे अंगाला कळतं, वेगवेगळ्या दालनांत असतं तर कळलं नसतं.

मधलं_पान यांना: तुमचं बाजाराबद्दलचं म्हणणं बरोबर आहे, पण तनावोलींनी 'हीच' केला तेव्हा त्याला गिऱ्हाईक नव्हतं, उलट प्रदर्शन बंद पडलं होतं. बाजार चाळीस वर्षांनी आला. आणि ज्यांना फक्त अक्षर-चादर नको असेल त्यांनी मोनीर फरमानफरमायान यांचं काम जरूर बघावं. शिराजच्या शाह चेराग दर्ग्यात भिंती-छत आरशाच्या तुकड्यांनी मढवलेलं आहे. ते पाहून बाई हलून गेल्या आणि परंपरेने आरसेकाम करणाऱ्या उस्तादांना सोबत घेऊन त्यांनी भूमितीच्या आकृत्या आरशात घडवल्या. त्यांच्या शिल्पासमोर उभं राहिलं की तुमचेच शंभर तुकडे दिसतात. शिल्प आणि फोटो यांच्या मधली जागा ती. २०१९ मध्ये त्या गेल्या. तेहरानला नेगारेस्तान बागेत त्यांच्या एकटीच्या नावाचं संग्रहालय आहे.

दुबईतच असल्याचा अजून एक फायदा. अल फहिदीची जुनी वस्ती, जिला बस्तकिया म्हणतात, ती दक्षिण इराणातल्या बस्तक गावच्या व्यापाऱ्यांनी वसवली. तिथल्या घरांवरचे वाऱ्याचे मनोरे मुलांना दाखवा. तेहरानच्या समकालीन कला संग्रहालयाच्या (१९७७, वास्तुकार कामरान दिबा) छपरावर तोच आकार उजेड आत आणायला वापरलाय. त्या संग्रहालयाच्या बागेत हेन्री मूर आणि जाकोमेत्ती यांची शिल्पं उघड्यावर उभी आहेत. गॅलरीला जायच्या आधी सकाळी तिकडे चक्कर मारा, ऊन चढण्याआधी.

गॅलरीला दोन दिवस आधी फोन करून सांगा की मुलं येणार आहेत आणि जमिनीवर बसून काढणार आहेत. पेन्सिलला सहसा कुणी नाही म्हणत नाही, पेन आणि रंग मात्र घरीच ठेवा. कागदाखाली पुठ्ठा हवा, नाहीतर मुलं शिल्पाच्या चौथऱ्यावर वही टेकवतात.